डबल म्हणजे नक्की काय?

ब्रिजच्या टेबलावर बसलेल्या माणसाला बोलायला फक्त १५ शब्द मिळतात. एक ते सात हे आकडे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रम्प ही पाच नावं. आणि पास, डबल, रिडबल. संपली शब्दसंपत्ती! 'माझी पानं बरी आहेत रे' असं म्हणायची सोय नाही, भुवया उंचावायच्या नाहीत, आणि उसासा टाकायचा तर नाहीच नाही. या १५ शब्दांतून ३५ बोल्या तयार होतात (सात गुणिले पाच), त्यात शेवटचे तीन शब्द मिळवले की ३८. आता एका माणसाच्या हातात १३ पानं किती तऱ्हांनी येऊ शकतात? ६३ हजार ५०० कोटींहून जास्त. म्हणजे तुमच्याकडे एवढा विदा आहे, आणि तो समोरच्या भिडूपर्यंत पोचवायला ३८ चिन्हांची एक लिपी. त्यातही अट अशी की प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. एकदा 'दोन बदाम' म्हटलं की 'एक इस्पिक' कायमचं गेलं.

दिवसभर प्रोटोकॉल लिहिणाऱ्या माणसाला हा खेळ न आवडला तरच नवल. मी मात्र आज खेळाबद्दल कमी आणि या भाषेबद्दल जास्त लिहिणार आहे. त्यातही तिच्या एका कोपऱ्याबद्दल: समोरच्यांनी बोली उघडल्यावर आपण काय बोलायचं?

ज्यांनी ब्रिज खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेंढीकोट खेळला असाल तर अर्धं काम झालंय. चौघे, दोन जोड्या, भिडू समोरासमोर, प्रत्येकाला १३ पानं, एकूण १३ हात. हुकूम कुठला आणि किती हात करायचे हे खेळ सुरू होण्याआधी लिलावाने ठरतं. 'एक इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक एक, असे सात हात आम्ही करू. जो सगळ्यात वरची बोली बोलतो त्याचा करार. केला तर गुण, नाही झाला तर समोरच्यांना गुण. डबल म्हटलं की पैज दुप्पट (नेमका हिशेब दुप्पट नसतो, पण सोडा). एवढं पुरे.

जो पहिल्यांदा बोलतो त्याची चैन असते. त्याला सगळा रस्ता मोकळा. त्याचा भिडू उत्तर देतो, मग हा पुन्हा बोलतो, असं सावकाश गप्पा मारत ते योग्य करारावर पोचतात. दुसऱ्या बाजूची पंचाईत होते. समोरच्याने 'एक इस्पिक' म्हटलं की खालच्या चार पायऱ्या तिथंच गेल्या. आपल्या भिडूकडे काय आहे ते माहीत नाही, आणि बोलावं तर दोनच्या पायरीवर बोलावं लागतं. वर पुन्हा समोरच्याकडे चांगली पानं आहेत हे त्याने जाहीर केलंय. अशा वेळी उपयोगी पडेल असा एकही स्वस्त शब्द नाही. नाही म्हणायला एक आहे. डबल.

ऑक्शन ब्रिज हा आजच्या ब्रिजचा बाप साधारण १९०४ पासून खेळला जाऊ लागला. त्या सुरुवातीच्या वर्षांत डबलचा अर्थ सरळ होता: 'करून दाखवाच!' समोरचा फुशारकी मारतोय, त्याचा करार बुडणार, म्हणून पैज वाढवायची. आता जरा विचार करा. समोरच्याने 'एक इस्पिक' म्हटलंय. तो करार बुडवायचा तर आपल्याला सात हात करायला हवेत, तेही त्याच्या हुकमासमोर. त्यासाठी आपल्याकडेच इस्पिकची लांबलचक रांग हवी. असं कितीदा होतं? फार क्वचित. आणि झालं तरी डबल म्हटल्याबरोबर ते सावध होऊन दुसऱ्या रंगात पळणार. म्हणजे सगळ्यात स्वस्त, एकही पायरी न खाणारा शब्द अशा कामाला ठेवलेला, जे वर्षातून दोनदा येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेमरीतला सगळ्यात वेगवान कप्पा कधीच न लागणाऱ्या फंक्शनला देऊन ठेवला होता.

१९१२-१३ च्या सुमारास दोघांच्या हे लक्षात आलं. न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुइसचे ब्रायंट मॅककॅम्पबेल. दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट शोधली असं मानतात. समोरच्याच्या खालच्या पायरीवरच्या बोलीला डबल म्हटलं तर त्याचा अर्थ 'बुडवतो' असा घ्यायचाच नाही. अर्थ असा: 'भिडू, त्यांचा रंग माझ्याकडे नाही, बाकीचे तिन्ही आहेत आणि पानंही बरी आहेत. तुला जो आवडेल तो बोल.' उदाहरणार्थ एक इस्पिकसमोर तुमच्याकडे असं काही आहे: इस्पिकची एकुलती पंजी, बदामचा राजा, गुलाम, अठ्ठी, चौकी, चौकटचा एक्का, राणी, सत्ती, तिर्री, किलवरचा राजा, दश्शी, छक्की, दुर्री. आता यातला कुठला रंग बोलणार? कुठलाही बोललात तरी तो चारच पानांचा जुगार. डबल म्हटलं की तिन्ही रंग एका शब्दात सांगून झाले, आणि निवड ज्याने करायला हवी त्याने केली. मला हा शोध फार सुंदर वाटतो. बोलीची जागा शून्य आणि माहिती तीन रंगांची!

(याच मॅककॅम्पबेलच्या नावावर अजून एक गोष्ट आहे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ हा पानं मोजायचा हिशेब त्याने १९१५ सालच्या पुस्तकात मांडला होता. पुढे मिल्टन वर्कच्या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि आज ब्रिज शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी तोच शिकतं. एकाच माणसाचे दोन शोध, दोन्ही शंभर वर्षं टिकलेले, आणि नाव कुणाला ठाऊक नाही. असो.)

यात एक गंमत बघा. डबलबद्दलचा नियम तेव्हाही बदलला नाही आणि आजही बदललेला नाही. कायद्याच्या पुस्तकात डबल म्हणजे पैज वाढवणं, बस्स. डबलनंतर तिघेही पास म्हणाले तर करार डबलसकट खेळला जाणार. बदलला तो फक्त दोन भिडूंनी आपसात ठरवलेला अर्थ. व्याकरण तेच, अर्थ उलटा. त्यामुळे सुरुवातीच्या काळात या दोन डबलांना वेगवेगळी नावं द्यावी लागली. जुना तो 'बिझनेस डबल' आणि नवा तो 'इन्फर्मेटरी' किंवा 'निगेटिव्ह' डबल. टेकआउट डबल हे नाव नंतर रुळलं. आणि समजा तुमच्या भिडूला हा नवा अर्थ ठाऊकच नसेल तर? तो बिचारा खुशीत पास म्हणणार, समोरचे आरामात सात हात करणार, आणि दुपटीचे गुण घेऊन वर तुमच्याकडे सहानुभूतीने बघणार.

१९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट पनामा कालव्यातून जाणाऱ्या फिनलंड नावाच्या बोटीवर होता. तिथं त्याने गुणांची नवी पद्धत मित्रांवर करून पाहिली, आणि त्यातून कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला आला. ऑक्शनमध्ये जास्तीचे केलेले हातही डाव जिंकायला धरले जायचे. व्हँडरबिल्टच्या पद्धतीत जेवढं बोललात तेवढंच धरणार. त्यामुळे योग्य पायरीपर्यंत बोलत पोचणं हीच कमाई झाली. आणि ज्या क्षणी समोरच्यांचं बोलणं मोलाचं झालं, त्या क्षणी त्यांच्या बोलण्यात व्यत्यय आणणंही मोलाचं झालं. बचावाच्या बोल्यांचा पुढचा सगळा इतिहास या एका बदलातून निघतो.

तीसच्या दशकातला देव म्हणजे ईली कल्बर्टसन. १९३१-३२ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्याने सिडनी लेन्झशी १५० रबरांचा सामना खेळला आणि ८,९८० गुणांनी जिंकला. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर लावून धरला होता. कल्बर्टसन हा उत्तम खेळाडू होता, पण विक्रेता त्याहून मोठा. त्याच्या पुस्तकांनी अमेरिकेला एक भाषा दिली, आणि त्या भाषेत समोरच्याचाच रंग बोलणं, म्हणजे त्यांच्या एक इस्पिकवर आपण 'दोन इस्पिक' म्हणणं, याचा अर्थ होता: 'भिडू, माझ्याकडे खजिना आहे. इस्पिकची भीती नाही. डाव होईपर्यंत थांबायचं नाही.'

ऐकायला भारदस्त आहे. पण पुन्हा तोच हिशेब करा. सगळ्या गड्डीत मिळून ४० गुण. समोरच्याने १२-१३ गुणांवर बोली उघडली. उरलेल्या २७ मधले २२-२३ एकट्या तुमच्याकडे येण्याची शक्यता किती? असा हात येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. म्हणजे इथंही एक शब्द धूळ खात पडलेला.

आता दुसरी पानं घ्या. समोरच्याने 'एक इस्पिक' म्हटलंय आणि तुमच्याकडे आहे: इस्पिकची तिर्री; बदामचा एक्का, राणी, दश्शी, सत्ती, चौकी; चौकटची अठ्ठी, दुर्री; किलवरचा राजा, गुलाम, नव्वी, छक्की, पंजी. दहा गुण, पण पाच बदाम आणि पाच किलवर. डबल म्हणावं तर भिडू नेमकं चौकट बोलायचा. 'दोन बदाम' म्हणावं तर किलवर पोटातच राहतात. कल्बर्टसनच्या माणसाने दोन बदाम म्हटलं असतं आणि नशिबावर सोडलं असतं.

मियामी बीचच्या माइक मायकेल्सने त्या धूळ खात पडलेल्या शब्दाला नवं काम दिलं. समोरच्याच्या इस्पिकवर 'दोन इस्पिक' म्हणजे खजिना नव्हे. त्याचा अर्थ 'माझ्याकडे पाच बदाम आहेत, आणि शिवाय किलवर किंवा चौकट पाच.' भिडूला दुसरा रंग कुठला ते हवं असेल तर तो 'दोन नो ट्रम्प' म्हणून विचारतो. समोरच्याने किलवर किंवा चौकट उघडलं असेल तर हीच बोली बदाम आणि इस्पिक दाखवते. वरची पानं एका बोलीत पोचली. मायकेल्स १९६६ साली वारला, वयाच्या चाळिशीतच. आज जगातल्या बहुतेक क्लबांत त्याच्या नावाची बोली खेळली जाते.

त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, अल रॉथने हीच युक्ती 'दोन नो ट्रम्प'वर केली होती. समोरच्याने एक उघडल्यावर एकदम दोन नो ट्रम्प म्हणणं याचा जुना अर्थ २०-२२ गुण, सगळे रंग सारखे. वरचाच हिशेब. रॉथ म्हणाला, हे कधी येतच नाही, तर किलवर आणि चौकट पाच-पाच दाखवायला वापरू. याला नावच पडलं 'अनयूज्वल नो ट्रम्प'. मग अल्विन लँडीने समोरच्याच्या एक नो ट्रम्पवर 'दोन किलवर' म्हणजे बदाम-इस्पिक असं ठरवलं. हे लँडी अमेरिकेच्या ब्रिज संघटनेचे मुख्य कारभारी. साहेबांनीच वाट दाखवल्यावर काय विचारता! एक नो ट्रम्पवरच्या बचावांची पुढे अशी काही वीण वाढली की ज्याचं त्याचं नाव त्याच्या बोलीला. ॲस्ट्रो, ब्रोझेल, कॅपेलेटी, डोंट... प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांचं चुकलंय. जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कांसारखं आहे ते, मी त्यात शिरत नाही.

अर्थात दुसरी बाजूही गप्प बसलेली नव्हती. आपण एक किलवर उघडलं, समोरच्याने मध्येच 'एक इस्पिक' घुसवलं, आता आपल्या भिडूने चार बदाम कसे दाखवायचे? उत्तर पुन्हा रॉथचंच. भिडूने डबल म्हणायचं, आणि तोही बुडवायला नव्हे, तर 'न बोललेले रंग माझ्याकडे आहेत' असं सांगायला. साल होतं १९५७. ऑक्टोबरात रशियाने उपग्रह सोडला होता, त्यामुळे या डबलचं नाव पडलं 'स्पुटनिक'. नंतर त्याला 'निगेटिव्ह डबल' म्हणू लागले. हे टेकआउट डबलचंच जुनं नाव, तोवर रिकामं पडलेलं. शब्दांचा पुनर्वापर असा नावांपर्यंत पोचला.

पण मग कुणाला खरंच बुडवायचं असेल तर? समजा समोरच्याने घुसवलेल्या इस्पिकचीच तुमच्याकडे पाच दणकट पानं आहेत. आता तुम्ही डबल म्हणूच शकत नाही, कारण भिडू त्याचा अर्थ 'बदाम आहेत' असा घेईल. मग काय करायचं, तर पास म्हणायचं. निर्विकार चेहऱ्याने. लिलाव फिरून भिडूकडे जातो. त्याच्याकडे इस्पिक नाहीत, म्हणून तो (अपेक्षेप्रमाणे) टेकआउट डबल म्हणतो. त्यावर तुम्ही पुन्हा पास. झाला करार डबल! 'बुडवतो तुला' हे वाक्य दोन पास आणि भिडूच्या एका भलत्याच अर्थाच्या डबलमधून उच्चारायचं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी हाफिसात एकटाच हसत होतो. शेजारच्याला वाटलं बिल्ड पास झाली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना मान्य होण्यासारखी आहे. बिनकामाच्या शब्दांना काम मिळालं, यात कुणाचं नुकसान नाही. भांडण सुरू होतं ते पुढे.

सी. सी. वेई नावाचा चिनी-अमेरिकन माणूस. शिक्षणाने इंजिनियर, धंदा जहाजांचा. त्याने 'प्रिसिजन' नावाची पद्धत रचली: १६ किंवा जास्त गुण असले की रंग कुठलाही असो, 'एक किलवर' उघडायचं. १९६९ मध्ये रिओ द जानेरोच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे बर्म्युडा बोलमध्ये, तैवानचा संघ ही पद्धत घेऊन थेट अंतिम फेरीत गेला. समोर इटलीचा दादा संघ होता, त्यामुळे हरले. पण पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरीत! युरोप आणि उत्तर अमेरिकेबाहेरचा संघ तिथवर पोचायची ही पहिलीच वेळ. जगाने प्रिसिजन शिकायला घेतली.

अशी 'एक किलवर' समोर आली की बचावाचं गणित फिरतं. समोर १६ गुण आहेत, म्हणजे डाव बहुधा त्यांचाच. आपला करार शोधण्यात अर्थ नाही. पण त्यांनी अजून आपला एकही रंग सांगितलेला नाही, गुण तेवढे सांगितलेत. म्हणजे बोलायला त्यांना जागा हवीय, आणि ती आपण खाऊ शकतो. फ्रान्सच्या झाँ-रने व्हेर्न यांनी 'एकूण हातांचा नियम' मांडला: दोन्ही बाजूंचे मिळून जेवढे हात होतात, ते साधारण दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांच्या बेरजेएवढे असतात. त्यात गुणांचा संबंध नाही, पानं किती जुळतात याचा आहे. मग काय, पडकी पानं असली तरी रंग लांब असेल तर बोला, असं शास्त्रच मिळालं.

किट वूल्सी आणि स्टीव्ह रॉबिन्सन यांचा 'क्रॅश' हा बचाव याच विचारातला. नावाचा फोड असा: रंग, दर्जा, आकार. एक किलवरवर डबल म्हणजे एका रंगाचे दोन सूट, दोन्ही लाल किंवा दोन्ही काळे. 'एक चौकट' म्हणजे एका दर्जाचे, इस्पिक-बदाम किंवा चौकट-किलवर. 'एक नो ट्रम्प' म्हणजे एका आकाराचे: इस्पिक-चौकट ही टोकदार चिन्हं किंवा बदाम-किलवर ही गोल. चार सूटांतून दोन निवडायच्या सहा जोड्या, तीन बोल्यांत बरोबर दोन-दोन बसवल्या. इंजिनियरला असली गोष्ट बघून जे होतं ते मला झालं, आणि मी माझ्या भिडूला, म्हणजे टेस्टिंगमधल्या एका मित्राला, पटवून आम्ही ती पुण्यातल्या एका रविवारच्या स्पर्धेत खेळलो.

समोर सत्तरीचे एक काका. त्यांनी एक किलवर उघडलं, मी डबल म्हटलं. नियम असा की अर्थ विचारायचा तो बोलणाऱ्याच्या भिडूला. बोलणाऱ्याने गप्प बसायचं, भिडू चुकीचं सांगत असला तरी चेहरा दगडाचा ठेवायचा. काकांच्या भागीदारीण बाईंनी विचारलं, माझ्या मित्राने सांगितलं, "एका रंगाचे दोन सूट."

"कुठला रंग?" त्या म्हणाल्या.

"ते मलाही माहीत नाही."

लिलाव संपेपर्यंत काका काही बोलले नाहीत. मग पानं पिशवीत... नाही, बोर्डात सरकवताना म्हणाले, "अरे, त्याला माहीत नाही, हिला माहीत नाही, मला तर नाहीच नाही. मग आपण चौघं बोलत होतो कुणाशी?"

मी हसलो, पण प्रश्न फालतू नव्हता. काकांनी पाच-पन्नास वर्षं खेळून एक भाषा कमावलेली. त्यांना हरवायला आम्ही जास्त चांगले खेळलो नव्हतो, आम्ही त्यांना परक्या मुलखात नेऊन सोडलं होतं. आमच्या बाजूनेही बोलता येतं: आम्ही काही लपवलं नाही, विचारलं ते सगळं सांगितलं, आणि जागा खाणं हा खेळाचाच भाग आहे. दोन्ही बरोबर. जगभरच्या संघटना गेली पन्नास वर्षं याच दोन 'बरोबर'मध्ये अडकलेल्या आहेत.

पोलंडमध्ये हे प्रकरण टोकाला गेलं. लुकाश स्वाविन्स्की आणि मंडळींनी पद्धतच उलटी केली: चांगली पानं असली की पहिल्याने पास म्हणायचं, आणि अगदी टाकाऊ असली की काहीतरी ठरलेली बोली उघडायची! या टाकाऊ बोलीला इंग्रजीभाषक खेळाडू 'फर्ट' म्हणू लागले. फर्टिलायझरचं लघुरूप. खत कशाचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच :-) आता 'समोरच्यांनी बोली उघडल्यावर काय करायचं' या प्रश्नाचा पायाच गेला, कारण उघडणाऱ्याकडे काहीच नाही आणि पास म्हणणारा दबा धरून बसलाय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही ही लाट होती.

जागतिक संघटनेने मग पद्धतींना रंग दिले: हिरवा, निळा, लाल आणि असल्या अतिविचित्र पद्धतींना पिवळा. पिवळ्यांनी फक्त मोठ्या, लांब सामन्यांच्या स्पर्धांत खेळायचं, आणि आपली पद्धत आधी लिहून द्यायची. काही सुट्या बोल्यांना तपकिरी खूण. त्यांच्याविरुद्ध खेळताना तुम्ही स्वतःचा बचाव कागदावर लिहून टेबलावर उघडा ठेवू शकता. एरवी ब्रिजमध्ये कागद बघणं म्हणजे कॉपीच. अमेरिकेने तर कमाल केली. तिथल्या मधल्या स्तराच्या स्पर्धांत बराच काळ असा नियम होता की रीझ आणि फ्लिंट या इंग्रजांच्या 'मल्टी' सारखी बोली तुम्ही खेळत असाल, तर तिच्यावरचा मंजूर झालेला बचाव तुम्हीच छापून समोरच्यांना द्यायचा. चोराने घरमालकाला कुलूप भेट द्यावं तसं! मला हा नियम मनापासून आवडतो. बंदी नाही, पण ओझं ज्याने वेगळं काही आणलं त्याच्यावर. सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. उद्या कुणी म्हणालं असतं की डबलचा अर्थ एकच, तर मॅककॅम्पबेल तिथंच संपला असता. पण पाव तासात दोन डाव खेळून पुढच्या टेबलावर जाणाऱ्या माणसावर 'फर्ट' सोडणं मला बरं वाटत नाही. लांबचा सामना असेल, तयारीला महिना असेल, तर खुशाल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रंगाच्या खुणेने सुटत नाही. ब्रिजच्या कायद्यात खोटं बोलायला बंदी नाही! तुमच्याकडे इस्पिकचं एकही पान नसताना 'एक इस्पिक' म्हणू शकता. डोरोथी राइस सिम्स या बाईंनी याला 'सायकिक' बोली असं नाव दिलं. (या बाई तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायच्या आणि विमान चालवायच्या. त्यांनी पत्त्यांत सभ्यपणे वागावं ही अपेक्षाच चूक.) अट एकच: तुमच्या थापेने तुमचा भिडूही तेवढाच फसला पाहिजे. त्याला आधीच सवयीने कळत असेल की 'हा असं म्हणतो तेव्हा थापा मारतो', तर तो गुप्त करार झाला, आणि गुप्त करार हाच गुन्हा. कल्बर्टसनसमोरच्या सामन्यात लेन्झचा भिडू ऑस्वल्ड जेकोबी अर्ध्यात सोडून गेला, त्यामागे या सायकिक बोल्यांवरून दोघांत झालेली भांडणंच होती. म्हणजे थाप इतकी अस्सल की भिडूच संतापला. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष!

आणि उलट टोक १९६५ सालच्या ब्युनोस आयरेसचं. ब्रिटनच्या टेरेन्स रीझ आणि बोरिस शापिरो यांच्यावर आरोप झाला की पानं धरताना ते बोटांनी बदामची संख्या सांगतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी ठरवलं. ब्रिटिश संघटनेने नेमलेल्या सर जॉन फॉस्टर यांच्या चौकशीत १९६६ मध्ये आरोप सिद्ध झाला नाही असा निष्कर्ष निघाला. रीझने आपली बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं, आरोपाच्या बाजूने ॲलन ट्रस्कॉटने लिहिलं, आणि ब्रिजवाले आजही दोन गटांत वाटलेले आहेत. दहा वर्षांनी, १९७५ च्या बर्म्युडा बोलमध्ये, भिडूंना एकमेक दिसू नयेत म्हणून टेबलाच्या मधोमध पडदे आले. लगेच इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पाय लावल्याचा आरोप! मग टेबलाखालीही अडसर आला. १५ शब्द पुरत नाहीत याचा याहून मोठा पुरावा काय देऊ.

आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना ब्रिज आठवतो तो २०१८ च्या जकार्ता एशियाडमुळे. ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणलं आणि दोन दिवस सगळीकडे 'पत्ते खेळून पदक मिळतं?' हाच विषय. त्या दोघांच्या खेळातला बोली हा भाग टीव्हीवर कुणी समजावून सांगितला नाही. तो समजावणं सोपंही नाही.

हे यंत्रांच्या बाबतीतही दिसतं. मार्च २०२२ मध्ये पॅरिसमध्ये 'नुक' नावाचा एक प्रोग्राम आठ विश्वविजेत्यांसमोर बसवला. ८०० डाव, दहा-दहांचे ८० संच. त्यातले ६७ संच, म्हणजे जवळजवळ ८४ टक्के, नुकने जिंकले. बातम्या झळकल्या की बुद्धिबळ गेलं, गो गेलं, आता ब्रिजही गेला. मी नियम उघडून पाहिले. करार आधीच ठरवून दिलेला, प्रोग्रामने फक्त पानं खेळायची. लिलाव स्पर्धेतच नव्हता, त्यामुळे नुकला कुणी 'या डबलचा अर्थ काय?' असं विचारलं नाही.